पाडव्याचा नारळ

पाडवा नेमका शुक्रवारी आला, तेव्हा पंचांगाने तरी दुबईकरांची सोय पाहिली असं मंडळात सगळे म्हणाले. शुक्रवार सुट्टीचाच, वेगळी सुट्टी मागायला नको. सुट्टी मागावी अशी नोकरी मंदीच्या त्या मार्चपर्यंत निम्म्या लोकांना उरलीच नव्हती, पण सणासुदीला ते कोण बोलून दाखवणार?

अल कुसैसच्या तिसऱ्या मजल्यावर अनुराधाने पडद्याच्या दांडीची गुढी बाल्कनीच्या कठड्याला बांधली. कडुलिंब खालच्या पार्किंगमधल्या झाडाचा होता, तांब्या रोजचाच पण घासूनपुसून लखलखीत केलेला. हळदकुंकू वाहून ती आत आली तर गुणवंत अजून बेसिनच्या आरशासमोर उभा होता. अंगात बनियन, तोंडात दात कोरायची काडी, आणि चेहरा असा की जणू एखाद्या लग्नाच्या पंगतीतून उठून आलाय.

"हे बघ," तो म्हणाला, "घरात दोन दिवस शीत शिजलेलं नाही. पण दारात उभा राहून हा असा दात कोरतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं पाहिजे, आत्ताच मासे हाणलेत."

"परवा हेच केलंत तुम्ही. म्हसकरकाका जेवायला थांबा म्हणाले, तर जेवून आलो म्हणालात. आणि घरी येऊन तीन खुबूस खाल्लेत, नुसत्या डाळीबरोबर."

"तालीम होती ती," गुणवंत म्हणाला आणि पुन्हा आरशाकडे वळला.

मंडळासाठी त्याने एकांकिका लिहिली होती, 'गेंझो'. मराठी मंडळाच्या पाडव्याला जपानी सामुराई कशाला, असं कार्यकारिणीत दोघांनी विचारून पाहिलं होतं. पण यंदा दुसरं कुणी काही लिहिलंच नव्हतं. दुबईतली पहिली पाच वर्षं गुणवंत एका जपानी कंत्राटदाराकडे होता. तिथले नाकागावासान साइटवर डबा खाता खाता गोष्टी सांगायचे. सरदाराचा खजिना आटला की पदरचे सामुराई रस्त्यावर यायचे. कमरेला तलवार तशीच, पोटात काही नाही. रात्री दार लावून छत्र्यांना कागद चिकटवायचे आणि सकाळी दारात उभं राहून दात कोरायचे. गुणवंतचा गेंझो त्यातलाच. सरदाराचा कारभारी चौकात सगळ्यांसमोर त्याच्या नावाची पट्टी भिंतीवरून काढतो, आणि शेवटच्या प्रवेशात, नव्या वर्षाच्या दिवशी, गेंझो त्या कारभाऱ्याला त्याच्याच दारात कापतो. त्यात काही गुंतागुंत नव्हती, आणि कारभारी कोण हे मंडळात कुणाला समजावून सांगायची गरजही नव्हती.

अनुराधा सत्काराचं ताट लावत होती. नाटकानंतर यंदाच्या आश्रयदात्यांचा सत्कार होता. तो गुणवंतने स्वतःकडे मागून घेतला होता. घरचाच माणूस आहे, मीच करतो, असं तो म्हणाला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांना, म्हसकरकाकांना, भरून आलं होतं. काकांना लवकर भरून येतं.

तिने निरांजन ठेवलं, हळदकुंकू ठेवलं, अक्षता ठेवल्या, नारळ ठेवला आणि त्यावर घडी केलेली शाल.

"शाल नको," गुणवंत आरशातूनच म्हणाला.

"सत्काराला शाल नको?"

"विसरली म्हणायचं. नुसता नारळ."

अनुराधाच्या हातात शालीची घडी तशीच राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. शालीबरोबर आला तर श्रीफळ. नुसता आला तर त्याचा अर्थ एकच, आणि तो त्या वर्षी दुबईतल्या प्रत्येक मराठी घराला पाठ होता. यांना नारळ मिळाला, त्यांना मिळाला, त्यांच्या अख्ख्या डिपार्टमेंटला मिळाला.

गुणवंतला तो डिसेंबरात मिळाला होता, आणि देणारा कुशल होता. अनुराधाचा सख्खा धाकटा भाऊ, आणि आजचा सत्कारमूर्ती.

कुशलला दुबईत आणलं गुणवंतने. दोन वर्षं तो याच हॉलमध्ये गादी टाकून झोपला, याच स्वयंपाकघरात जेवला. पुढे गुणवंतच्याच कंपनीत लागला आणि बघता बघता एचआरचा साहेब झाला. तेव्हा पेढे वाटले होते ते अनुराधाने. बिल्डिंगी उठायच्या थांबल्या तेव्हा कुशलने एकेकाला केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली. गुणवंतला बोलावलं त्या दिवशी म्हणे तो पाणीही न विचारता म्हणाला, 'भाऊजी, इट्स नॉट पर्सनल.' मग सिक्युरिटीच्या माणसाने गुणवंतचं खोकं लिफ्टपर्यंत उचलून नेलं. चौदा वर्षांची नोकरी गेल्याचं दुःख गुणवंतने कसंबसं गिळलं. तो सिक्युरिटीवाला त्याच्या घशात अडकून बसला.

अनुराधाच्या घशात वेगळंच काही होतं. आदल्याच दिवशी कुशल इथे कोळंबीभात जेवून गेला होता. दोनदा वाढून घेतला. एक शब्द बोलला नाही.

"नका ना करू असं," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

"मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी कोण होतो त्याचा?"

"तेव्हा बंद दारामागे बोलावलं. हे सगळ्यांसमोर होईल."

"सगळ्यांसमोरच व्हायला हवं," गुणवंत म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही, आणि तेच तिला आवडलं नाही. "अनु, जानेवारीपासून मी तुझ्या नोकरीच्या व्हिसावर राहतोय. बँकेत विचारतात, स्पॉन्सर कोण? सांगतो, वाइफ. सगळं मंडळ माझ्याकडे त्याच नजरेने बघतं. एक दिवस, एकच दिवस, त्याच्याकडे बघू दे."

नवऱ्याचं चुकतंय असं तिला म्हणवेना. पण आई गेली, मग अप्पा गेले, तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे बर दुबईतलं कुशलचं घर. तीन महिने तिकडे येणंजाणं नव्हतं, तरी दार उघडं आहे एवढं ती धरून होती. आज तो नारळ सगळ्यांच्या हशात कुशलच्या हातात पडला की ते दार लागणार आणि पुन्हा उघडणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. या दोन घराण्यांना नारळाचा अनुभव होताच. तिच्या लग्नात सीमांतपूजनाला टेंबुलकरांच्या, म्हणजे गुणवंतच्या, थोरल्या काकांचा मानाचा नारळ चुकून आचाऱ्याच्या हातात गेला, तर काका मांडवातून उठून गाडीत जाऊन बसले आणि अप्पांशी मरेपर्यंत बोलले नाहीत. आणि ती नुसती चूक होती.

तिने शाल कपाटात ठेवली.

*

ऊद मेथातल्या शाळेचा हॉल त्यांना दरवर्षी मिळायचा. जाताना रस्त्यात क्रेनी जागच्या जागी थांबलेल्या होत्या, मेट्रोचे खांब मात्र वाढलेले. गुणवंत गाडी चालवताना ओठ हलवत संवाद म्हणत होता आणि ताट अनुराधाच्या मांडीवर होतं.

हॉलमध्ये बायकांचे दोन तट पडलेले एका नजरेत कळत होते. नोकऱ्या टिकलेल्यांच्या बायका पुढे, पैठण्या नेसून, जरा मोठ्याने बोलत. बाकीच्या मधल्या रांगांत, त्याही पैठण्याच नेसून, जरा जास्तच हसत. वैभवी आली तेव्हा मधल्या रांगांनी एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. वैभवी म्हणजे कुशलची बायको. गेल्या वर्षी याच बायका तिच्याकडे डोहाळजेवणाची भांडी मागायला जायच्या. ती मान वर ठेवून चालत पुढे गेली आणि सत्कारमूर्तींच्या खुर्चीवर बसली. अनुराधाकडे बघून हसली, पण उठून आली नाही.

विंगेत जमाल कारभाऱ्याची मिशी चिकटवत बसला होता. तो रत्नागिरीचा, गुणवंतच्या हाताखालचा सुपरवायझर. मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पातून बसेस भरून माणसं साइटवर आणायचा. त्यालाही त्याच आठवड्यात नारळ मिळाला होता, आणि सत्काराचा नारळ आपणच आणणार असा हट्ट धरून त्याने तो आदल्या दिवशीच घरी पोचवला होता, तेही उगाच नव्हे.

"चाचाच्या दुकानातला आहे, वहिनी," तो ताटाकडे बोट करून म्हणाला. "तीन दिरहमचा, म्हणजे बघा आपले चाळीस रुपये. मी म्हटलं चांगला हलवून दे, पाणी वाजलं पाहिजे. साहेबांच्या मेव्हण्याचा आहे, सडका नको."

"तुम्हाला सगळ्यांना माहितीय तर," अनुराधा म्हणाली.

"सगळ्यांना कुठे? मागच्या चार-पाच रांगा फक्त," जमाल म्हणाला आणि आरशात बघून मिशी दाबली.

ती ताट घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आली. तिथे वॉटर कूलरशी आभा उभी होती, कुशलची मुलगी, बारा वर्षांची. आत्याला बघून ती येऊन चिकटली. तीन महिन्यांत ती उंच झाली होती.

"किती दिवसांनी गं! शाळा काय म्हणते?"

"फाइन." आभा कुंकवाच्या करंड्याशी चाळा करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आत्या, कॅन आय टेल यू समथिंग? डोन्ट टेल मम्मी."

"नाही सांगत."

"डॅडी डझन्ट गो टू ऑफिस एनीमोर. ही वेअर्स द टाय अँड एव्हरीथिंग. पण ही जस्ट सिट्स इन द कार. क्रीकजवळ. आय सॉ हिम फ्रॉम द स्कूल बस."

"एखाद दिवस मीटिंग असेल, बाळा."

"एव्हरी डे, आत्या. ही इट्स हिज डबा देअर." आभाने डोळे पुसले नाहीत, कारण ते अजून भरले नव्हते. "इज ही फायर्ड?"

अनुराधाने तिला जवळ घेतलं. आधी वाटलं ते खरं सांगायचं तर समाधान होतं. बरं झालं, असं आतून कुणीतरी म्हणालं. ते क्षणभरच, त्यानंतर तिला कुशल दिसला, गाडीत एकटा बसून स्टीअरिंगवर डबा उघडणारा, आणि मग दुसरं काही दिसेना. ती तशीच मेकअपच्या खोलीत गेली.

गुणवंत तयार होता. सतव्यातल्या शिंप्याने अबायाच्या कापडाचा किमोनो शिवला होता, डोक्यावर काळ्या लोकरीची शेंडी. तिने दार लावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तो ऐकत होता. कमरेची तलवार त्याने एकदा सरळ केली.

"आभा म्हणाली?"

"रोज बघते ती बसमधून. अहो, तोही रस्त्यावर आहे. कुणाचा सूड घेताय तुम्ही?"

"पोरीचा गैरसमज असेल."

"पोरीला कळतं. आता तरी शाल ठेवू द्या. कुणाची तरी मागून पदराखालून आणते मी."

बाहेर तिसरी घंटा झाली. गुणवंतने काडी तोंडात धरली. "नाटक होऊ दे आधी," तो म्हणाला आणि रंगमंचाकडे गेला. ते हो होतं की नाही, तिला समजलं नाही.

*

नाटक चांगलं झालं. हे तिने स्वतःशी नाइलाजाने कबूल केलं. गेंझो दारात उभा राहून दात कोरू लागला तेव्हा आधी हॉल हसला, मग हळूहळू हसायचा थांबला, आणि मधल्या रांगेत कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. जमालने चौकात नावाच्या पट्ट्या एकेक करून काढल्या तेव्हा तर पुढच्या रांगाही कुजबुजायच्या थांबल्या. शेवटी गेंझोने तलवार उपसली. जमाल पडला, उठला, पुन्हा पडला, आणि त्याने मरायला इतका वेळ घेतला की मागून कोणीतरी ओरडलं, "एचआर! यल्ला, चल, खलास!" हॉल कोसळला. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत कुशलही टाळ्या वाजवत होता.

पडदा पडून उघडला तो थेट सत्कारासाठीच. गुणवंतने कपडे बदलले नव्हते. कमरेला तलवार, तोंडावर रंग, तसाच तो माइकपाशी उभा राहिला. म्हसकरकाकांना ही कल्पना फार आवडली. "सामुराईंच्या हस्ते सत्कार!" असं ते दोनदा म्हणाले. कुशल आणि वैभवी वर आले. अनुराधा ताट घेऊन पुढे झाली. तिने दोघांना कुंकू लावलं. कुशलच्या कपाळाला बोट लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याने दाढी घाईत केलीय, हनुवटीखाली थोडी राहिलीय. लहानपणापासून त्याला ती जागा सापडत नाही.

"अहो," ती ओठ न हलवता म्हणाली.

गुणवंतने तिच्याकडे पाहिलं. मग माइककडे.

"कुशलरावांची ओळख करून द्यायला नको," तो म्हणाला. "गेल्या वर्षात त्यांनी आपल्यापैकी कितीतरी जणांना स्वतःच्या हातांनी नारळ दिला. देणाऱ्यालाही कधीतरी मिळायला हवा. मित्रहो, आज शाल नाही."

आणि त्याने ताटातला नारळ उचलून कुशलच्या हातात ठेवला.

मग मागच्या रांगांतून हसू फुटलं, ते पुढे पुढे आलं, कुणी शिट्टी घातली, कुणी बाक वाजवला. मेलेला जमाल विंगेत पोट धरून हसत होता. म्हसकरकाका काही न कळून टाळ्या वाजवत होते. वैभवी समोर कुठेतरी बघत होती. कुशलने नारळ दोन्ही हातांत धरला आणि कमरेतून वाकून नमस्कार केला, नाटकातल्यासारखा, त्यामुळे लोक आणखीच हसले. तिसऱ्या रांगेत आभा तेवढी हसत नव्हती.

आपण काय करायचं हे अनुराधाने ठरवलं नव्हतं. नंतर तिला कितीजणांनी विचारलं, कसं सुचलं गं? सुचलं वगैरे काही नाही. तिला एवढंच वाटलं की हा नारळ या हातात राहता कामा नये.

तिने ताट माइकशेजारच्या टेबलावर ठेवलं, पदर पुढे घेतला, दोन्ही हातांनी पसरला आणि वैभवीसमोर उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली. एरवी ती तिला नावानेच हाक मारायची. "पाडव्याची माहेरवाशीण दारात आलीय. ओटी नाही भरणार?"

माइक चालू होता. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

वैभवीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने नवऱ्याच्या हातातून नारळ घेतला, ताटातलं हळदकुंकू अनुराधाला लावलं, नारळ पदरात घातला आणि वर ओंजळभर अक्षता. बऱ्याच अक्षता खाली सांडल्या.

"अगंबाई, ओटीचा होय नारळ!" पुढच्या रांगेतल्या कुणी आजी मोठ्याने म्हणाल्या. आजींना ऐकू कमी येत असे. त्यांना सगळं खरंच तसंच वाटलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्याही आणि मधल्याही. मागच्या रांगांचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. म्हसकरकाकांना अर्थातच भरून आलं आणि त्यांनी माइक घेऊन भावाबहिणीच्या प्रेमावर बोलायला सुरुवात केली.

गुणवंत तिथेच उभा होता. नारळ दिलेला हात अजून थोडा पुढेच होता.

*

कुशल तिला व्हरांड्यात भेटला, वॉटर कूलरपाशीच. वैभवी आणि आभा गाडीकडे गेल्या होत्या.

"ताई."

"मला सगळं कळलंय," अनुराधा म्हणाली. "कुणी सांगितलं विचारू नकोस."

"विचारत नाही. वैभवीलाही माहितीय. रोज डबा भरून देते, कुठे जातोस विचारत नाही." त्याने ग्लास भरला आणि प्यायला नाही. "भाऊजी काय करणार हे म्हसकरांचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं. सत्कार तुमच्या भाऊजींच्या हस्ते म्हणाले."

"मग आलास कशाला?"

"मला कुणी दिलाच नाही गं नारळ." तो हसला. "मी सगळ्यांना समोर बसवून सांगायचो. माझ्या वेळी समोर बसवायला कुणी उरलंच नव्हतं. सकाळी कार्ड लावलं, गेट उघडलं नाही. फोनवर ई-मेल आला होता. म्हटलं, कुणी हातात देतंय तर घेऊ या. गुरुवारी निघतोय आम्ही. पुण्याला, वैभवीच्या आईकडे. रिकाम्या हाताने काय जायचं?"

गुरुवार. अनुराधाने पदरातला नारळ घट्ट धरला. दार लागणार म्हणून ती सकाळपासून घाबरली होती. इथे घरच चाललं होतं.

"त्या दिवशी कोळंबीभात खाऊन गेलास," ती म्हणाली. तीन महिने घोळवलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं. "दोनदा घेतलास. एक शब्द बोलला नाहीस मला. भाऊ म्हणून नाही तर निदान जेवलास म्हणून तरी."

कुशलने तिच्याकडे बघायचं टाळलं नाही.

"बोलायलाच आलो होतो. तू वाढायला लागलीस. मला वाटलं, उद्यापासून या घरात आपल्याला कुणी जेवायला घालणार नाही. म्हणून जेवलो, ताई. पोटभर जेवलो."

तिला त्याचा राग आला, आणि त्याला थोपटावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. त्याच्या हातातला ग्लास घेऊन ते पाणी ती स्वतः प्यायली.

"हनुवटीखाली दाढी राहिलीय तुझी," ती म्हणाली. "विमानात बसायच्या आधी नीट कर."

*

परतताना गुणवंतची शेंडी डॅशबोर्डवर होती आणि तोंडावरचा रंग तसाच. अल नाहदाचा सिग्नल लाल होता.

"चिडलीस," तो म्हणाला.

"मी तुम्हाला आधी सांगितलं होतं. तुम्ही पोरीचा गैरसमज म्हणालात. विश्वास बसला नाही, ठीक आहे. पण मी खोटं कशाला सांगेन?"

गुणवंत सिग्नलकडे बघत राहिला.

"बसला होता विश्वास," तो म्हणाला. "तू बोललीस तेव्हाच बसला."

"मग?"

"सकाळपासून मी आरशासमोर काय करत होतो, वाटतं तुला? वाक्यं पाठ होती मला. धीर नव्हता. तो वर चढून आला असता, साहेबासारखा, तर मी मुकाट्याने श्रीफळ म्हणून दिला असता आणि हात जोडले असते. कदाचित तुझी शालसुद्धा मागितली असती." त्याने घसा साफ केला. "तू सांगितलंस तो पडलाय, तेव्हा धीर आला. पडलाय म्हणूनच दिला."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे गुणवंतने गाडी काढली. अनुराधा खिडकीतून बाहेर बघत होती. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल तिला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि त्याने तिला इतकं खरंही कधी सांगितलं नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र कुठे ठेवायच्या ते तिला सुचेना.

घरी आल्यावर तिने आधी गुढी उतरवली, ऊन कलायच्या आत. मग पैठणी बदलून स्वयंपाकघरात गेली. नारळ ओट्यावर फोडला. जमालने चांगला निवडला होता. पाणी गोड होतं, खोबरं जाड. तिने एक वाटी खवली, मग दुसरीही खवली. गूळ होता, तांदूळ होता, दोन लवंगा सापडल्या. नारळीभाताचा वास हॉलपर्यंत गेला.

गुणवंत तोंड धुऊन आला होता, पण कानांमागे पांढरा रंग राहिला होता. तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं. उरलेला भात स्टीलच्या मोठ्या डब्यात भरला आणि झाकण दाबून लावलं. डबा बर दुबईला जायचा होता, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

तो भाताकडे बघत बसला. वाफ विरली तरी हात पुढे होईना.

"मला नको," तो शेवटी म्हणाला. "भूक नाही."

टेबलावर दात कोरायच्या काड्यांची डबी होती. अनुराधाने ती उचलून खणात टाकली आणि खण बंद केला. मग ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"खा," ती म्हणाली. "माझ्या माहेरचा आहे."